पाण्याकाठी सावध कान

सुट्टीचे दिवस आले की हट्ट्यासारख्या गावातील घराघरांत एक बेत हमखास ठरतो. पुण्या-मुंबईहून आलेली नातवंडे औंढा नागनाथाचे दर्शन घेतात आणि मग कोणीतरी म्हणते, "आता सिद्धेश्वर धरणावर जाऊन येऊ." पूर्णा नदीवरचा तो विस्तीर्ण जलाशय पाहून कोणाचेही मन हरखावे. डबे भरले जातात, गाडी निघते, आणि आपण ओसरीवर राहतो. गुडघे साथ देत नाहीत, ऊन सोसत नाही. "तुम्ही पुढे व्हा, मी घर राखतो," असे आपण म्हणतो.

घर राखणाऱ्या या माणसासाठीच आजचा लेख आहे. पाण्यावर गेलेल्या माणसांची सुरक्षितता जितकी नावेवर आणि पोहण्यावर अवलंबून असते, तितकीच ती काठावर कोणी कान देऊन बसले आहे की नाही, यावरही अवलंबून असते. दर्यावर्दी लोकांना हे शंभर वर्षांपूर्वी फार मोठी किंमत देऊन कळले. आपल्या तळ्या-धरणांच्या काठी ते अजून पुरते रुजलेले नाही.

समुद्राने शिकलेला धडा

१४ एप्रिल १९१२ची रात्र. टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळले आणि त्यावरील बिनतारी यंत्राचे चालक मदतीची हाक देऊ लागले. तेथून फार दूर नसलेल्या कॅलिफोर्नियन या जहाजावर एकच रेडिओचालक होता. दिवसभराचे काम आटोपून, टक्कर होण्याच्या थोडाच वेळ आधी, त्याने यंत्र बंद केले होते आणि तो झोपी गेला होता. हाक गेली, पण जवळच्या माणसाचे कान मिटलेले होते. पुष्कळ दूर असलेल्या कार्पेथिया जहाजाचा चालक मात्र झोपण्यापूर्वी सहज कानांना यंत्र लावून बसला होता. त्याने ती हाक ऐकली, जहाज वळले आणि सुमारे सातशे जीव वाचले. दीड हजारांच्या आसपास माणसे बुडाली.

या दुर्घटनेनंतर जहाजांवर चोवीस तास रेडिओ ऐकत राहण्याचे नियम झाले. पुढे एक सुंदर प्रथाही रूढ झाली. जहाजाच्या रेडिओखोलीतील घड्याळावर दर तासाच्या १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांचे भाग लाल रंगाने रंगवलेले असत. त्या तीन-तीन मिनिटांत संकटसंदेशाच्या तरंगलांबीवर सर्वांनी बोलणे थांबवायचे आणि केवळ ऐकायचे. दूरवरून येणारी एखादी क्षीण हाक इतरांच्या गलबल्यात बुडू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

आज ती व्यवस्था बदलली आहे. समुद्रावरील नौका व्हीएचएफ रेडिओवर सोळा क्रमांकाच्या वाहिनीवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, कान ठेवतात. जीव धोक्यात असेल तर 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारायचा. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो आला. प्रकरण गंभीर आहे पण जिवावर बेतलेले नाही, असे असल्यास 'पॅन-पॅन' म्हणायचे. आपल्या किनाऱ्यावर भारतीय तटरक्षक दलाचे मुंबई येथील सागरी बचाव समन्वय केंद्र अशा हाकांची दखल घेते, आणि समुद्रातील संकटासाठी १५५४ हा दूरध्वनी क्रमांक आहे. अमेरिका व कॅनडाच्या सीमेवरील विशाल सरोवरांवरही तेथील तटरक्षक दले याच सोळाव्या वाहिनीवर लक्ष ठेवतात. तेथे हौसेने नाव वल्हवणारा साधा कुटुंबवत्सल माणूसही निघताना रेडिओ सुरू करतो.

आपल्या जलाशयांवर कोण ऐकते?

सिद्धेश्वर, येलदरी किंवा पैनगंगेवरील इसापूर अशा जलाशयांच्या काठी उभे राहून आपण हाच प्रश्न विचारला, तर उत्तर अस्वस्थ करणारे आहे. समुद्रावरची सोळावी वाहिनी येथे नाही आणि तटरक्षक दलही नाही. उरतो तो खिशातला मोबाइल. तो पाण्यात पडला, भिजला किंवा त्याला रेंज नसली, की सगळे संपले.

२१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात काय घडले, ते आपल्याला आठवत असेल. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. तीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, सहा जणांचा मृत्यू झाला. मेच्या अखेरीस आपल्याकडे दुपारनंतर वारा कसा अचानक उठतो, हे जुन्या माणसांइतके कोणाला ठाऊक असणार? जे पाणी सकाळी आरशासारखे होते, ते अर्ध्या तासात खवळते.

नौकांची नोंदणी व सुरक्षासाधने यांविषयी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा कायदा देशात आहे. परंतु कायदा काठावर येऊन बसत नाही. तेथे माणूसच बसावा लागतो.

घरातली राखण : निघण्यापूर्वीची चिठ्ठी

समुद्रावर जाणारे लोक निघण्यापूर्वी काठावरच्या विश्वासू माणसाकडे आपला बेत लिहून ठेवतात. हीच प्रथा आपण आपल्या घरात आणू शकतो. यासाठी यंत्र लागत नाही. कागद, पेन आणि भिंतीवरचे घड्याळ पुरे.

मंडळी निघताना आपण त्यांना चार गोष्टी विचाराव्यात आणि मोठ्या अक्षरांत लिहून ठेवाव्यात. कोण कोण गेले, लहान मुले किती? नेमके कोणत्या काठावर, कोणत्या गावाच्या बाजूने? नावेत बसणार आहेत काय, आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळणार आहे काय? परत किती वाजता? सोबत दोघांचे मोबाइल क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि त्या गावातील एखाद्या ओळखीच्या माणसाचा क्रमांक लिहावा.

त्यानंतर वेळा ठरवाव्यात. पोचल्यावर एक फोन, पाण्यात उतरण्यापूर्वी एक आणि पाण्याबाहेर आल्यावर एक. जहाजावरच्या लाल मिनिटांप्रमाणे त्या ठरलेल्या वेळी दूरचित्रवाणीचा आवाज बंद करावा आणि फोन हाताशी घेऊन बसावे. ठरलेली वेळ टळून अर्धा तास झाला तर आधी त्यांना, मग त्या गावातील ओळखीच्या माणसाला फोन करावा. तोही लागला नाही किंवा समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर ११२ लावावा. "उगीच लोकांना त्रास कशाला?" हा संकोच आपल्या पिढीला जडलेला आहे. या एका बाबतीत तो बाजूला ठेवावा. खोटी ठरलेली काळजी क्षम्य आहे. उशीर झालेली मदत परत आणता येत नाही.

११२ वर बोलताना क्रम ध्यानात ठेवावा. आधी ठिकाण, मग काय झाले, मग किती जण, आणि शेवटी आपले नाव व क्रमांक. बोलणे मध्येच तुटले तरी निदान ठिकाण पोचलेले असते. "धरणावर" एवढेच सांगू नये. जलाशयाचा घेर मोठा असतो. कोणत्या गावाकडचा काठ, जवळ मंदिर, सांडवा की कालव्याचे तोंड, हे सांगावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे.

रेडिओ घ्यावा काय?

मोबाइलला रेंज नसलेल्या काठावर नाव आणि किनारा यांत बोलण्यासाठी वॉकीटॉकी उपयोगी पडतो. मात्र येथे सावधगिरी हवी. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे संच परवान्याशिवाय वापरता येतात, पण त्या संचाला शासनाची उपकरण-मान्यता असावी लागते. ऑनलाइन बाजारात इतर लहरींवर चालणारे संचही खेळण्यासारखे विकले जात होते. त्याला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणून नातवाने भेट दिलेला संचही कोणत्या लहरींवर चालतो, हे पाहूनच वापरावा. समुद्रावरच्या सोळाव्या वाहिनीचा संच येथे आणून उपयोग नाही. ऐकणारे कोणी नसते, आणि परवानाही लागतो.

त्याचप्रमाणे पोलिसांचे किंवा अन्य यंत्रणांचे बिनतारी संदेश घरी बसून चोरून ऐकणे कायद्याला मान्य नाही. त्यात आणखी एक धोका असतो. अर्धवट ऐकलेली बातमी गावभर पसरते आणि ज्यांचे कोणी पाण्यावर गेले आहे, त्यांच्या जिवाचे पाणी पाणी होते.

संच वापरताना एक साधा नियम लक्षात ठेवावा. या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेतच जातात. माणूस जितका उंच, तितकी पोच लांब. मोकळ्या पाण्यावर दोन मीटर उंचीवरून लहरींचे क्षितिज सुमारे सहा किलोमीटरांवर असते, तर बारा मीटर उंचीवरून सुमारे चौदा. छोट्या संचाची ताकद याहून आधीच संपते, आणि मध्ये टेकडी आली तर आवाज पार हरवतो. म्हणून काठावर ऐकणाऱ्याने उंच, मोकळी जागा निवडावी.

ज्यांना यात खरी गोडी वाटते, त्यांच्यासाठी हौशी रेडिओचा, म्हणजे 'हॅम'चा मार्ग खुला आहे. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन बारा वर्षांच्या मुलापासून निवृत्त माणसापर्यंत कोणालाही हा परवाना घेता येतो. आजोबा आणि नात यांनी एकत्र अभ्यास करावा, असा हा छंद आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्री, किल्लारीची भूमी हादरली तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या घरातली भांडी खणखणली असतील. त्या उद्ध्वस्त भागात हौशी रेडिओचालकांनी आपली यंत्रे नेऊन निरोपांची ये-जा सुरू ठेवली होती. हिंगोलीकरांना भूकंप परका नाही. २१ मार्च २०२४ला सकाळी सहाच्या सुमारास आणि त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सातनंतर आपल्या जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. अशा वेळी सगळे एकदमच फोन करू लागतात आणि दूरध्वनीचे जाळे कोंडते.

ऐकणाऱ्याचे आरोग्य

राखण करायची तर कान शाबूत हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढील दर चार माणसांमागे किमान एकाला अडचण यावी इतपत ऐकू कमी येते. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. स, श, थ, ख, फ यांसारखी व्यंजने त्यांतच मोडतात. त्यामुळे "आवाज येतो, पण शब्द कळत नाही" अशी तक्रार सुरू होते. फोन आणि रेडिओ मुळातच ध्वनीचा अरुंद भाग वाहून नेतात, त्यात वाऱ्याचा घोंगावा मिसळतो. मग 'सात', 'साठ' आणि 'आठ' यांत फरक उरत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. अंक एकेक करून सांगावेत आणि ऐकावेत. 'एकोणसत्तर' म्हणण्याऐवजी 'सहा, नऊ' म्हणावे. मिळालेला निरोप लगेच परत म्हणून दाखवावा; समोरचा "बरोबर" म्हणाला की मगच लिहावा. रेडिओचालक जगभर हेच करतात. फोनचा आवाज वाढवून स्पीकरवर ठेवावा. ऐकू येण्यात अलीकडे फरक पडला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावेत. कित्येकदा साचलेला मळ काढल्यानेही काम भागते. मात्र काडी, पिन किंवा गरम तेल कानात घालू नये. श्रवणयंत्राची गरज सांगितली तर लाज बाळगू नये. उपचाराविना राहिलेला बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मानला जातो. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

लक्ष ठेवण्यालाही मर्यादा असते. १९४८मध्ये ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ मॅकवर्थ यांनी दाखवून दिले, की एकाच गोष्टीकडे टक लावून बसलेल्या माणसाची सावधता पहिल्या अर्ध्या तासानंतर घसरू लागते. तरुण सैनिकांची ही गत, तर मग आपली काय? म्हणून सलग कान देऊन बसू नये. ठरलेल्या वेळीच ऐकावे, मध्ये उठावे, पाणी प्यावे, औषधाची वेळ चुकवू नये, आणि घरातील दुसऱ्याशी पाळी वाटून घ्यावी. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांच्यावर एकट्यावर ही जबाबदारी टाकू नये, हे काळजीवाहकांनी ध्यानात घ्यावे. दिवसभर दुर्घटनांच्या बातम्या ऐकत बसणे म्हणजे राखण नव्हे. त्यातून केवळ धडधड वाढते आणि रात्रीची झोप जाते.

याची दुसरी बाजूही आहे. "माझा आता कोणाला उपयोग नाही," ही भावना उतारवयात माणसाला आतून पोखरते. चिठ्ठी लिहिणारा, वेळ पाहणारा आणि हाक ऐकणारा माणूस घराला खरोखरीच हवा असतो. ते काम त्याला मानाने द्यावे, समजूत घालण्यापुरते देऊ नये.

काठावर असाल तर

कधी आपण स्वतः पाण्याकाठी असाल. अशा वेळी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. श्वासच अपुरा पडतो, तेथे आवाज कोठून निघणार? तोंड पाण्याच्या पातळीशी, मान मागे, हात पाण्यावर दाबल्यासारखे, आणि हाकेला उत्तर नाही, अशी स्थिती दिसली तर ती हाकच समजा.

वाचवण्यासाठी पाण्यात उडी घेऊ नका. एकामागोमाग उडी घेतलेल्या नातलगांचे बळी आपण दरवर्षी वाचतो. काठी, दोर, साडी, धोतर पुढे करा. रिकामा व घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा फेका. आरडाओरडा करून माणसे जमवा आणि एकाला ११२ लावायला सांगा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे, हे आपल्याकडचे जुने उपाय करू नयेत. त्यांत मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत शिरते. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून, ओले कपडे काढून ऊब द्यावी. श्वास थांबला असेल, तर हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी तळहाताने तीस वेळा दाब द्यावेत. प्रौढांत दाब सुमारे पाच सेंटीमीटर खोल आणि गती मिनिटाला १०० ते १२० असावी. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब, मदत येईपर्यंत. बुडण्यात हृदय थांबण्याचे मूळ कारण प्राणवायूचा अभाव असते, म्हणून येथे श्वासांना आधी स्थान आहे. माणूस शुद्धीवर आला तरी खोकला किंवा दम असल्यास रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसातील बिघाड काही तासांनीही डोके वर काढतो.

पावसाळ्यात आणखी एका आवाजाकडे कान असू द्यावेत. येलदरीतून सोडलेले पाणी आधी सिद्धेश्वरात येते आणि तेथून पूर्णेच्या पात्रात उतरते. दरवाजे उघडण्यापूर्वी भोंगा वाजतो, गावोगावी सूचना दिली जाते. ऊन पडलेले असले आणि आपल्या शिवारात थेंबही पडलेला नसला, तरी भोंगा ऐकताच पात्रातून गुरे-माणसे वर काढावीत. कालव्याचे तिरके, शेवाळलेले काठही तितकेच फसवे. तेथे एकदा पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

जगभरात २०२१ या एका वर्षात सुमारे तीन लाख माणसे बुडून दगावली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या विषयाकडे लक्ष वेधण्यासाठी २५ जुलै हा दिवस जागतिक बुडणे-प्रतिबंध दिन म्हणून पाळला जातो. पुढच्या सुट्टीत मुले धरणावर निघाली, की त्यांना अडवू नका. फक्त दारातून हाक मारा, "थांबा रे, आधी कागदावर लिहून द्या." आणि ती परतल्यावर, पाय धुऊन आत आल्यावर, त्या कागदावरच्या नावांपुढे एकेक खूण करा. शेवटची खूण झाली, की त्या दिवसाची राखण पूर्ण झाली.